हिरवा दिवा आणि हाताखालचा माणूस

उतरण्याच्या बेतात असलेल्या प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये एक दांडा खाली ओढला की पोटातून आणि पंखांखालून चाके बाहेर येतात, आपापल्या जागी घट्ट बसतात आणि वैमानिकापुढच्या फळीवर तीन हिरवे दिवे लागतात. एक नाकाखालच्या चाकांचा, दोन पंखांखालच्या चाकांचे. तिन्ही लागले तर उतरावे, एक जरी लागला नाही तरी उतरू नये, इतका हा संकेत साधा आहे. परंतु न लागलेला दिवा दोन अगदी भिन्न गोष्टी सांगत असू शकतो. एक तर चाक खरोखरच बसलेले नसते, नाही तर चाक नीट बसलेले असते आणि बिघाड दिव्यातच असतो. ह्या दोहोंतला भेद हवेत असताना, पुष्कळदा रात्रीच्या अंधारात आणि शेकडो माणसांचे प्राण हाती असताना करावयाचा असतो. ह्या भेदापायी जे अपघात झाले त्यांतून यंत्रशास्त्राला जेवढे शिकता आले त्याहून अधिक समाजशास्त्राला शिकता येण्यासारखे आहे. म्हणूनच कामगार चळवळीशी नाते सांगणाऱ्या साप्ताहिकाने त्यांची दखल घेणे अप्रस्तुत ठरू नये.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेले ईस्टर्न एअरलाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान मायामीजवळ पोहोचले. ट्रायस्टार जातीचे ते विमान त्या काळी अगदी नव्या बनावटीचे होते. आत १६३ प्रवासी आणि १३ कर्मचारी होते. चाके सोडली, पण नाकाखालच्या चाकांचा दिवा लागेना. कॅप्टनने रीतीप्रमाणे उतरणे रद्द केले, विमान २००० फुटांवर नेले, पश्चिमेकडील एव्हरग्लेड्सच्या दलदलीच्या दिशेने वळवले आणि ऑटोपायलटच्या स्वाधीन केले. येथपर्यंत सारे यथायोग्य होते. त्यानंतर मात्र कॉकपिटमधील झाडून सारी माणसे त्या एका दिव्याभोवती गोळा झाली. सहवैमानिक दिव्याची डबी काढून पुन्हा बसवण्याच्या खटपटीत, आणि ती वेडीवाकडी अडकलेली. कॅप्टन त्याला सूचना देण्यात गर्क. फ्लाइट इंजिनिअर कॉकपिटखालच्या पोकळीत उतरून चाके डोळ्यांनी दिसतात का ते पाहण्यात. आणि योगायोगाने त्याच विमानातून चाललेला कंपनीचा एक तंत्रज्ञही त्याच्या मदतीला गेलेला. ह्या गडबडीत नियंत्रणदांड्यावर नकळत भार पडला असावा. ऑटोपायलटची उंची राखण्याची व्यवस्था सुटली आणि विमान हळूहळू खाली येऊ लागले. उंची ढळल्याची सूचना देणारा अर्ध्या सेकंदाचा नाद वाजला, पण त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. मायामीच्या नियंत्रकाला पडद्यावर ९०० फूट हा आकडा दिसला. त्याने विचारले ते इतकेच, की तिकडे कसे काय चालले आहे? उंचीचा उल्लेख त्याने केला नाही. सर्व ठीक आहे, आता परत वळतो, असे उत्तर आले आणि थोड्याच क्षणांत विमान दलदलीवर आदळले. १०१ माणसे प्राणांस मुकली. चाके खाली आलेली होती आणि घट्ट बसलेलीही होती. जळाले होते ते दिव्यातले बल्ब.

विमान चालवायचे कोणी, हा प्रश्न त्या रात्री कोणी विचारलाच नाही. चार जाणती माणसे एका क्षुल्लक वस्तूच्या दुरुस्तीत गुंतली आणि मूळ काम कोणाकडेच राहिले नाही. ज्यांनी संस्था चालवलेल्या आहेत त्यांना हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही.

जवळजवळ सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, घडलेली दुसरी घटना ह्याहून अधिक बोलकी आहे. युनायटेड एअरलाइन्सचे १७३ क्रमांकाचे डीसी-८ विमान डेन्व्हरहून ऑरेगन राज्यातील पोर्टलंडला येत होते. आत १८९ माणसे होती. चाके सोडताना मोठा हादरा बसला आणि विमान किंचित एका बाजूस वळले. उजव्या चाकांना आवरून धरणारी दांडी गंजल्याने तुटली होती. चाके आपल्याच भाराने खाली कोसळली आणि त्या धक्क्यात दिव्याला खबर देणारा स्विच मोडला. म्हणजे येथेही चाके जागेवर होती आणि दिवा तेवढा खोटे बोलत होता. पंखाच्या वरच्या बाजूस जी खूण उभी राहते ती फ्लाइट इंजिनिअरने पाहिली. तीही चाके खाली आल्याचेच सांगत होती. तरी शंका उरली. कॅप्टन बेफिकीर नव्हता, किंबहुना त्याची काळजीच विमानाला भोवली. प्रवाशांना आपत्कालीन उतरण्यासाठी सज्ज करण्यास केबिनमधील कर्मचाऱ्यांना पुरेसा वेळ मिळावा म्हणून ५००० फुटांवर त्याने सुमारे तासभर घिरट्या घातल्या. ह्या तासाभरात इंधनाचे काटे खाली येत होते आणि ते फ्लाइट इंजिनिअरला दिसत होते. आणखी पंधरा मिनिटे थांबल्यास इंधन फारच कमी उरेल, अशा आशयाचे तो बोललादेखील. सहवैमानिकानेही इंधनाची चौकशी केली. पण ह्या दोघांपैकी एकानेही, ‘आता ह्या क्षणी धावपट्टीकडे वळले पाहिजे, नाही तर आपण पडणार,’ असे सरळ वाक्य उच्चारले नाही. इंजिने बंद पडू लागली तेव्हा विमानतळ काही मैलांवर होता. शहराच्या वस्तीलगतच्या झाडीत विमान कोसळले. १० माणसे मेली. त्यांत तो फ्लाइट इंजिनिअर होता. टाक्या रिकाम्या होत्या म्हणून आग लागली नाही आणि बाकीचे वाचले, हा त्यातला क्रूर योगायोग.

माहिती होती. ती ज्याच्याकडे होती त्याला तिचा अर्थही कळत होता. मग ती निर्णयापर्यंत का पोहोचली नाही? चौकशीकर्त्यांना येथे धातूच्या तुकड्यांपेक्षा कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण अधिक उपयोगी पडले. वरिष्ठाशी बोलताना हाताखालचा माणूस विधान करीत नाही, सूचक प्रश्न करतो. धोका आहे असे न म्हणता, अमुक गोष्ट पाहिली का, असे आर्जवाने विचारतो. मुकादमापुढचा बदली कामगार, अधीक्षकापुढचा कारकून, शल्यचिकित्सकापुढची परिचारिका ह्यांची भाषा ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे व्याकरण सांगावयास नको. हे व्याकरण माणसाच्या स्वभावातून येत नाही. वरिष्ठाच्या एका शेऱ्यावर ज्याची बढती, बदली आणि भाकरी अवलंबून असते त्याच्या तोंडी ते आपोआप बसते. पोर्टलंडच्या कॅप्टनने कोणाला दटावले होते असे नाही. दटावण्याची गरज पडू नये इतकी ही शिस्त आधीच मुरलेली होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पोर्टलंडच्या अपघातानंतर जी शिफारस केली तिची मातब्बरी म्हणूनच मोठी आहे. नवा दिवा बसवा, नवा काटा लावा, एवढ्यावर मंडळ थांबले नाही. कॅप्टनांना सहभागाने निर्णय घेण्याचे आणि इतर कर्मचाऱ्यांना आपले म्हणणे ठामपणे मांडण्याचे शिक्षण द्या, असे त्याने सांगितले. १९७९ साली नासा ह्या संस्थेने ह्याच विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ साली युनायटेड कंपनीने असे प्रशिक्षण सुरू केले. पुढे ते जगभर अनिवार्य होत गेले. त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट असे भारदस्त नाव मिळाले आहे. व्यवस्थापनशास्त्राची ही जुनी खोड आहे; अधिकाराचा प्रश्न आला की ती त्याला ‘संसाधन’ म्हणते. नावाचे कवच फोडून पाहिले तर आत एवढेच आहे, की हाताखालच्या माणसाला बोलण्याचा हक्क आहे आणि वरच्या माणसावर ऐकण्याचे बंधन आहे. भांडवलदारी उद्योगाने हे तत्त्व स्वीकारले ते औदार्याने नव्हे. विमान पडले की कॅप्टनही मरतो आणि कंपनीचे नावही बुडते, म्हणून ते स्वीकारावे लागले. खाणीत किंवा गटारात माणूस मेला तर वरिष्ठ सुखरूप घरी जातो. तेथे ही कार्यशाळा अद्याप कोणी घेतलेली नाही.

ह्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, की कॉकपिट म्हणजे सभा नव्हे, हवेत मतदान घेऊन विमान उतरवता येत नाही. आक्षेप खरा आहे आणि गैरलागूही आहे. अंतिम निर्णय एकाचाच असावा ह्याविषयी वाद नाही. वाद आहे तो निर्णयापूर्वी काय काय कानांवर पडावे ह्याविषयी. हिरवा दिवा न लागल्यास आज जी पद्धत पाळली जाते तिच्यात ह्या दोहोंचा मेळ दिसतो. आधी उतरणे रद्द करून सुरक्षित उंची गाठावयाची. मग एकाने फक्त विमान चालवावयाचे, दुसऱ्याने तपासयादी मोठ्याने वाचावयाची. बल्ब तपासावयाचा, दुसरा दर्शक पाहावयाचा, गरज पडल्यास पर्यायी व्यवस्थेने चाके सोडावयाची. आणि ह्या साऱ्याला किती मिनिटे द्यावयाची ते इंधनाच्या काट्यावरून आधीच ठरवून टाकावयाचे. ती मुदत संपली की शंका फिटली नसली तरी उतरावयाचे, कारण न बसलेल्या चाकांवर उतरलेले विमान बहुधा वाचते, इंधन संपलेले वाचत नाही. कामाची वाटणी आहे, शिस्त आहे, आज्ञाही आहे. मात्र ‘मुदत संपली’ हे सांगण्याचा अधिकार फक्त आज्ञा देणाऱ्याकडे ठेवलेला नाही.

(हा आक्षेप पक्षांच्या आणि संघटनांच्या बैठकांतही ऐकू येतो, हे जाता जाता नमूद केलेले बरे. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत तालुक्याच्या कार्यकर्त्याने जमीन जवळ आल्याचे सांगावे आणि ‘ही वेळ शंका काढण्याची नव्हे’ असे त्याला ऐकवले जावे, असे प्रसंग समाजवादी चळवळीच्या इतिहासात विरळा नाहीत. त्यानंतर जे आदळणे झाले त्याच्या चौकशीला मात्र कोणतेही मंडळ बसले नाही.)

पद्धत पाळल्यास काय साधते ह्याचे दाखले आहेत. २१ सप्टेंबर २००५ रोजी जेटब्लू कंपनीच्या एअरबस विमानाची नाकाखालची चाके काटकोनात आडवी वळून बसली. विमानाने सुमारे तीन तास घिरट्या घालून इंधन संपवत आणले, पण पुरते संपू दिले नाही, आणि लॉस एंजेलिसच्या धावपट्टीवर ते ठिणग्या उडवीत उतरले. १४६ जणांपैकी कोणालाही इजा झाली नाही. १ नोव्हेंबर २०११ रोजी पोलंडच्या लॉट कंपनीचे बोइंग विमान एकही चाक बाहेर न आल्याने वॉर्सात पोटावर उतरले. २३१ जण सुखरूप सुटले. मागाहून आढळले, की एक सर्किट ब्रेकर सुटलेला होता आणि तो लागलेला असता तर पर्यायी व्यवस्थेने चाके उतरली असती. ती गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही, तरी माणसे वाचली. चूक होणारच हे गृहीत धरून जी व्यवस्था आखलेली असते तिला एखादी चूक पचवता येते.

बोलण्याचा हक्क कॉकपिटच्या दारापाशी संपत नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे विमान वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे येताना डोंगरावर आदळून ९२ माणसे मेली. चौकशीत उघड झाले, की त्याच मार्गावर त्याच गैरसमजातून सहा आठवड्यांपूर्वी युनायटेडचे एक विमान थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. बाकीच्यांना ती वार्ता कळली नाही. अर्थशास्त्र ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणते तिचे ह्याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. धोक्याची खबर दुसऱ्याला दिल्याने देणाऱ्याची कमी होत नाही. तरीही बाजारात तिला किंमत नाही, म्हणून ती वाटली जात नाही. बाजाराने न केलेले हे काम शेवटी सार्वजनिक संस्थेलाच अंगावर घ्यावे लागले. १९७६ साली नासाच्या देखरेखीखाली वैमानिकांनी आणि नियंत्रकांनी आपल्या चुका निर्भयपणे कळवाव्यात अशी व्यवस्था सुरू झाली. कळवणाऱ्याचे नाव गुप्त राहील आणि जाणूनबुजून न केलेल्या चुकीबद्दल, काही मर्यादांत, त्याला शिक्षा होणार नाही, हा तिचा पाया. ती नियामक संस्थेकडे न ठेवता तिच्याबाहेरील संस्थेकडे सोपवली, हे विशेष. कारण शिक्षा करणाऱ्यापाशी कोणी मन मोकळे करीत नाही.

परंतु ज्या १९८१ साली सहवैमानिकांना ठामपणे बोलावयास शिकवणे सुरू झाले त्याच साली, ऑगस्टमध्ये, कामाचे तास आणि ताण ह्यांविषयी ठामपणे बोलणाऱ्या ११ हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना अध्यक्ष रेगन ह्यांनी संप केल्याबद्दल बडतर्फ केले आणि त्यांच्या संघटनेची मान्यताही गेली. सरकारी नोकरांना तेथे संपाची बंदी होती, हे खरे. मात्र एकट्याने बोललात तर सुरक्षितता आणि एकजुटीने बोललात तर बंडखोरी, ही जी सीमारेषा त्या वर्षी आखली गेली ती आजतागायत पुसली गेलेली नाही.

प्रशिक्षण मिळाले म्हणजे सारे साधले, असेही नाही. २२ मे २०२० रोजी लाहोरहून कराचीला आलेले पाकिस्तान इंटरनॅशनलचे एअरबस विमान फार उंचावरून आणि फार वेगाने उतरू लागले. उंचीबद्दल नियंत्रकाने हटकले, वैमानिकांनी सांभाळून घेतो म्हणून सांगितले. सोडलेली चाके मध्येच पुन्हा वर घेतली गेली होती आणि कॉकपिटमध्ये इशारे वाजत होते. ते वाजत असतानाच विमान चाकांविना धावपट्टीला टेकले, इंजिने जमिनीवर घासली गेली आणि वैमानिकांनी ते पुन्हा उचलले. घासलेली इंजिने काही मिनिटांत निकामी झाली आणि विमान विमानतळालगतच्या वस्तीवर कोसळले. विमानातील ९९ पैकी ९७ माणसे मेली, घरांतील एकाचाही पुढे मृत्यू झाला. मायामी आणि पोर्टलंडला दिवा खोटा होता आणि त्याच्यावर सर्वांचा विश्वास बसला. कराचीत इशारे खरे होते आणि त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. प्राथमिक अहवालातील आणखी एक नोंद मन विषण्ण करते. इंजिने घासताना मनोऱ्यातून दिसली होती. ती खबर मनोऱ्यातून दुसऱ्या नियंत्रककक्षाला दिली गेली. वैमानिकांना ती कोणीच सांगितली नाही.

भारताने शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि १६६ पैकी १५८ माणसे मेली. तेथे चाकांचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो पोर्टलंडचाच. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले ह्यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने निर्वाळा दिला, की उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास सहवैमानिकाने तीनदा सांगितले, यंत्रानेही वारंवार बजावले, तरी कॅप्टनने उतरण्याचा हट्ट सोडला नाही. कॅप्टन प्रवासात दीर्घकाळ झोपलेला होता. म्हणजे पोर्टलंडला जे वाक्य उच्चारले गेले नाही ते येथे तीनदा उच्चारले गेले आणि व्यर्थ गेले. ह्याच अहवालात एक वाक्य आहे ज्याची चर्चा झाली नाही. सहवैमानिकाने स्वतः नियंत्रण हाती घेऊन विमान वर का नेले नाही, ह्याची मीमांसा करताना चौकशीने म्हटले, की तसा अधिकार त्याला देणाऱ्या निरनिराळ्या सूचनांमध्ये संदिग्धता होती, हे त्याचे संभाव्य कारण असावे. अधिकार होता की नव्हता हे त्या सहवैमानिकाला खात्रीने ठाऊक नव्हते, आणि त्याच्यापुढे ते ठरवण्यास काही सेकंद होते.

बोलण्याचा हक्क द्यावयाचा तर बोलणारा जागाही असला पाहिजे. वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न येथेच येतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या उतरण्यांवर कडक मर्यादा घातली. कंपन्यांनी विरोध केला, अंमलबजावणी लांबली, वैमानिकांच्या संघटनांना न्यायालयात जावे लागले. अखेर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. दीड वर्षाहून अधिक अवधी मिळूनही देशातील सर्वांत मोठ्या कंपनीने, इंडिगोने, पुरेशी माणसे उभी केली नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर अडकून पडले आणि शासनाने त्या कंपनीला काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. हिशेब साधा आहे. वैमानिक जास्त ठेवले तर खर्च कंपनीच्या वहीत दिसतो. ते थकले तर खर्च कोणत्याच वहीत दिसत नाही, आणि जेव्हा दिसतो तेव्हा तो प्रवाशांच्या नावे पडलेला असतो. त्या आठवड्यात वृत्तपत्रांतून रोष उमटला तो मात्र पुष्कळसा नियमांवरच. अडकलेल्या प्रवाशाचा संताप समजू शकतो, परंतु तो कोणाकडे वळवला गेला हे पाहावयास हवे होते.

पक्षाच्या कामगार आघाडीने हा विषय गलेलठ्ठ पगारवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नये. विमानतळावरचा मेकॅनिक, सामान चढवणारा कंत्राटी कामगार, मनोऱ्यातला नियंत्रक ह्यांनाही बिघाड आधी दिसतो आणि त्यांची नोकरी वैमानिकाइतकी पक्की नसते. संसदेत समविचारी सदस्य आहेत. त्यांनी दोन प्रश्न लेखी उत्तरासाठी द्यावेत. मंगळूरच्या चौकशीने दाखवलेली संदिग्धता कोणत्या तारखेच्या कोणत्या आदेशाने दूर झाली आणि तो आदेश प्रत्येक कंपनीच्या नियमपुस्तकात शब्दशः उतरला आहे काय? आणि थकव्यामुळे उड्डाण करू शकत नाही अशा किती सूचना वैमानिकांनी गेल्या वर्षी दिल्या, त्यांपैकी किती कंपन्यांनी मान्य केल्या आणि अमान्य झालेल्यांना पुढे काय भोगावे लागले?